करंगळी तेवढी जागी

(अकोल्याच्या रहमतबी मणियारीण यांनी सांगितलं तसं)

आमी असल अकोटचे, मास्तर. बाप मनियार, बापाचा बाप मनियार, माय मनियारीन, घरात कोनाले दुसरं कामच येत नव्हतं. बऱ्हानपुराकडून बैलावर लादून काचेचा माल ये, गवतात गुंडायलेला, अन् बाप एकएक बांगडी कानाजवय नेऊन टिचकी मारून पाहे, खनखन वाजली त घरात, बद् वाजली त तडकेल हाये म्हनून बाजूले. मी चालाले लागली तवापासून माय मले संगं घेऊन गावोगाव जाये अन् मी नुसती तिचे हात पाहत बसो.

बांगडी भरनं म्हंजे तुमाले वाटन का त्यात काय हाये, हातात सरकवली का झालं. तसं नाइ. बाईचा हात आपल्या हातात घ्याचा, अंगठ्याखालचा मासाचा उंचवटा आत दाबाचा, बोटायची हाडं एकाजवय एक आनाची, जसं ओलं फडकं निचोडतो तसं, अन् आपल्या अंगठ्यानं बांगडी पुढं रेटाची, पन बाईले दुखलं नाइ पाह्यजे अन् काच फुटली नाइ पाह्यजे. काच वाकते का? काच वाकत नाइ, मास्तर, हात वाकते. आता हा हात अजून किती वाकन अन् काच किती सोसन हे डोयानं दिसत नाइ, ते आपल्या बोटायले समजते. माह्या बोटायले समजे. बाईच्या संग बोलत, हसत, तिकडं पाहत मी भरत होती, अन् माही बोटं आपलं काम करत. हात भरून झाला का वरून एक बांगडी आपल्याकडून, आशीर्वादाची, अन् मंग बाई, पाटलाच्या घरची का असंना, मनियारनीच्या पाया पडे. हिंदू बाई मुसलमानीनीच्या पाया पडे, अन् कोनाले त्याचं काही वाटत नव्हतं. हा मान होता आमचा.

लगन होऊन मी अकोल्याले आली. आमचे घरवाले, हनीफाचे अब्बा, बी मनियारच, पन त्यायचं काम माल आनाचं, तट्टावर लादाचं, अन् गावात आलं का चावडीजवय उभं राहून हाका माराचं. भराचं काम माहं. बायायचे हात कोन मानूस धरन? पयले आमची कमाई बेताची होती, दिवायी, संक्रांत, लगनसराई, बाकी बसून राहाचं. मंग ते कापसाचे दिवस आले.

ते तुमाले बी माहीत असन. तिकडं कुठंतरी, विलायतेच्याबी पलीकडं, एकाच देशाचे लोक आपसात लढून राह्यले होते म्हने, अन् त्यायचा कापूस बंद पडला, म्हनून आपला कापूस सोन्यासारखा जाऊन राह्यला. आमाले त्या लढाईचं काय ठावं? आमाले इतकंच दिसे का रस्त्यानं कापसाच्या गाड्या मावत नाइत, अन् ज्या बाया दिवायीच्या दिवायी हात भरत त्या आता दर बाजाराले भरून राह्यल्या. अन् बांगडी कशी पाह्यजे, त घट्ट. जितकी घट्ट तितकी बाई नाजूक, अशी नवीनच हवा निंगाली. ज्या बाईचा हात निंदन करूकरू फावड्यासारखा झाला तिलेबी लेकराच्या मापाची बांगडी पाह्यजे, अन् थे भरावी मनियारनीनं. मी म्हनो, बाई, हे जात नाइ हातात. तिनं म्हनावं, जात नाइ त तू कायची मनियारीन? अन् मी ओट दाबून भरत होती. सकायपासून त दिवस बुडेपर्यंत, एका गावातून दुसऱ्या गावात, दाब अन् रेट, दाब अन् रेट.

दुखनं कवा लागलं ते मले नेमकं सांगता येत नाइ. पयले झोपेत हाताले मुंग्या ये. असं वाटे का हातावर कोनी बसलं हाये. मी उठो, हात झटको, घटकाभर बरं वाटे, पुन्हा तेच. मंग मुंग्यायची आग झाली. मनगटापासून बोटापर्यंत निरा विस्तव. अंगठा, त्याच्या जवयचं बोट, मधलं बोट, अन् त्याच्या बाजूच्याची अर्धी कड. करंगयीले काही नाइ! करंगयी मजेत. मंग दिवसाबी व्हाले लागलं. हातातून भाकर पडे, लोटा पडे, सुईत दोरा ओवता ये ना. अन् ज्या बोटायनं मले बाईच्या हाताची एकएक हड्डी समजे त्या बोटायवर जसं काही कोनी जाड कापड गुंडायलं.

आता खरी चीड कशाची ते सांगू का? दुखन्याची नाइ. लोकायची. हात पाह्यला त बाहेरून चांगला, ना सूज, ना जखम. म्हनून कोनी खरंच मानत नव्हतं. सासू म्हने, कामाचा कंटाया आला हिले, पैसा दिसला का बायायची हाडं जड होतात. हनीफाचे अब्बा तसे गरीब स्वभावाचे, पन थेबी म्हनत, अव रहमत, आताच त दिवस आले कमावाचे, आताच कसा हात गेला तुहा? मी म्हनलं, मी काय त्याले सांगून धाडलं का, बाबा जाय म्हनून?

मंग इलाज सुरू झाले. सासूनं ताईत बांधला, म्हने जिनाची सावली हाये. मी विचारलं, जिनानं माही सारी बोटं धरली अन् करंगयी काहून सोडली, त्याले करंगयी आवडत नाइ का? सासूनं अजून एक ताईत बांधला. एक वैद झाला, त्यानं सांगितलं वात हाये, अन् तेल देल्लं, मनगटावर जोर लावून चोया म्हने. हनीफाच्या अब्बांनी बिचाऱ्यांनी जीव लावून चोयलं, अन् त्या चोयन्यानं मी गुरासारखी ओरडली. जितकं चोयलं तितकं वाढलं. मंग दुसरा म्हने डाग द्या. हे पाहा, इथी, मनगटावर, हे जे काय आडवं दिसते ना, हा त्या तापलेल्या लोखंडी सयीचा डाग. चामडी जयाली, बरी झाली, अन् आतलं दुखनं होतं तिथीच बसून राह्यलं. त्यानं माह्या तोंडावर सांगितलं का गुन आला. मी म्हनलं, कोनाले आला?

एकदा माल घ्याले अमरावतीले गेलो होतो त हनीफाच्या अब्बांनी मले सरकारी दवाखान्यात नेलं. डाक्तर देशीच होता, जवान. त्यानं डोये बंद कर म्हनलं अन् सुई टोचून टोचून इचारलं, समजते का? अंगठ्याले टोचलं, मले वाटलं कपड्यावरून टोचून राह्यला. करंगयीले टोचलं त मी मायवं म्हनून हात वढला. तो हसला नाइ. अंगठ्याखालचं मास दाबून पाह्यलं अन् म्हने, बाई, हे सुकून राह्यलं, मनगटातून जे नस जाते थे कुठंतरी दबत असन, याचं औषध माह्याजवय नाइ, हाताले आराम दे, काम बंद कर. मले असा राग आला मास्तर, मी म्हनलं, साहेब, हात घरी ठिवतो, पन पोट कुठी ठिवू? पुढच्या मानसाले बलावलं त्यानं. तवा मले वाटलं हा बी तसाच. आता वाटते, साऱ्यायमंदी त्यानं एकट्यानं औषध नाइ असं सरय सांगितलं.

तिथून निंगालो त बाजाराजवय सरकी काढनाऱ्या बाया बसल्या होत्या, हातचरखी फिरवत, अंगावर निरा कापूस. त्यायनं बांगड्या पाह्यल्या अन् बलावलं. मी एकीचा हात धरला. धरल्याधरल्या मले समजलं, अंगठ्याखालचा उंचवटा सपाट. मी म्हनलं, माय, रातीले हात झटकता का वो? त्या एकमेकीकडं पाहाले लागल्या. एक म्हने, तुले कोनं सांगितलं? दुसरी म्हने, आमाले साऱ्यायलेच होते, आमाले वाटलं कापसाची ऊब लागते. काय सांगू तुमाले, मले बरंबी वाटलं अन् रडूबी आलं. बरं यासाठी का मी बह्याड नाइ, मले जिन लागला नाइ. अन् रडू यासाठी का इतक्या बायायले हाये अन् कोनाले माहीतच नाइ.

आता अकोटचं सांगतो. ते सांगाले जीव होत नाइ, पन त्याच्याशिवाय पुढचं समजनार नाइ.

अकोटले एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरी लगन होतं. त्यायच्या घरी माह्या मायनं बांगड्या भरल्या, मंग मी. नवरीचं नाव गंगू, मी तिले तिच्या पयल्या बांगड्या भरल्या होत्या, पायन्यात होती तवा. चुडा भराले मलेच बलावलं. मी जाऊ नाइ असं मले वाटत होतं, मी हनीफाच्या अब्बांलेबी म्हनलं, पन थे म्हने, त्या घरचं बलावनं मोडलं त पुन्हा अकोटात पाय ठिवता येनार नाइ. गेली. आंगन बायायनं भरलं, गंगू पाटावर बसली, तिची आत्या बाजूले, विधवा होती, पन घरात हुकूम तिचाच चाले. आत्या म्हने, घट्ट भर, आमच्या पोरीचा चुडा सैल दिसला नाइ पाह्यजे.

डावा हात भरला, चांगला भरला. उजवा भरता भरता मधातच माही बोटं झोपली. मी हात झटकला, फुंकर मारली, पुन्हा धरला. बांगडी हाडावर आली. पयले त्या जागी बोटं मले सांगत, थांब. त्या दिवशी कोनीच काही सांगितलं नाइ. मी रेटलं. कड् झालं. काच पोरीच्या मनगटात घुसली, रगत पाटावर, पियरं लुगडं लाल. पोरीनं डाव्या हातानं मनगट दाबून धरलं.

तुमाले ठावं हाये मास्तर, आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हनत नाइत, वाढवली म्हनतात. पन त्या दिवशी आत्यानं म्हनलं, फुटली! लगनाच्या पाटावर चुडा फुटला! मी म्हनलं, आत्याबाई, माहा हात दुखते, माह्या हातात जीव नाइ, पोरीच्या नशिबाचं यात काही नाइ. ती म्हने, हातात जीव नाइ त आली कायले? बांगड्यायची दुरडी त्यायनं रस्त्यावर ठिवली. माह्या पाया पडनाऱ्या बाया भिताडाले चिकटून उभ्या राह्यल्या, का माही सावली पडन.

बातमी आमच्याआधी गावात जाये. तट्टू वेशीत आलं का बाया दरवाजा लावून घेत. रहमतबीचा हात अवगुनी हाये. इतक्या दिवस म्हनून राह्यली होती का माहा हात बिमार हाये, त कोनी मानलं नाइ, अन् आता अवगुनी म्हनल्याबरोबर साऱ्यायनं मानलं!

अकोटची वाट बंद झाली म्हनून आमी बाळापूरकडं जाऊ लागलो. तिथी एक पैलवान होते, म्हातारे, कुस्ती सुटली होती, हाडं बसवत. हनीफाचे अब्बा म्हने, चल दाखवू. मी म्हनलं, आता कोनालेच दाखवत नाइ, आता माही चामडी उरली नाइ डाग द्याले. पन नेलंच. पैलवाननं मनगट धरलं, इकडं तिकडं फिरवून पाह्यलं, म्हने, बेटी, हड्डी दुरुस्त हाये. मी म्हनलं, झालं, चला घरी. तो म्हने, थांब. झोपते कशी तू? मी म्हनलं, हे काय इचारनं हाये? तो म्हने, हात कसा असते? मी दाखवलं, असा, मूठ वयून, मनगट मुडपून, गालाखाली. तो म्हने, दिवसभर मुडपून काम करते, रातभर मुडपून झोपते, मंग त्याले सुटी कवा? माह्या पठ्ठ्यायचा हात दुखला त मी एकच करतो, सरय बांधतो अन् सोडून देतो. त्यानं बांबूच्या दोन पातय कमट्या घेतल्या, त्याले जुन्या धोतराचं कापड गुंडायलं, अन् हाताखालून वरून लावून पट्टी बांधली, सैलसर, का मनगट वाकलं नाइ पाह्यजे अन् रगतबी थांबलं नाइ पाह्यजे. म्हने, हे घालून झोप. दिवसा काम कमी कर. बरं होईनच असं मी म्हनत नाइ.

मी मनात म्हनलं, हा अजून एक. पन मास्तर, त्या रातीले मी उठलीच नाइ. पहाट झाली, कोंबडा आरवला, अन् मी त्या कमट्यायकडं पाहून रडली. बांबूच्या दोन काड्या! अन् मी ताईत बांधले, डाग घेतला, तेलाले पैसे घातले.

पन दिवसाचं काय? दिवसा काम केलं का पुन्हा तेच, अंमय कमी, पन तेच. तवा माही पोरगी हनीफा पुढं आली. नुकतीच समजदार झाली होती, थे भराले लागली, मी बाजूले बसून मापं काढून देत होती. मी म्हनो, घट्ट मागतीन त नाइ म्हन. ती म्हने, अम्मी, नाइ म्हनलं त दुसऱ्या मनियारनीकडं जातात.

मंग एक दिवस अकोटवरून निरोप आला. गंगू बायंतपनाले माहेरी आली होती, अन् तिनं मले बलावलं, आत्याच्या चोरून. गेली मी. मागच्या दारानं घेतलं. पोरीचे हात फुगलेले, बांगड्या मासात रुतल्या, डोये रडूरडू सुजले. म्हने, चाची, माहे दोन्ही हात मेले. रातभर आग होते, बोटायले समजत नाइ. सासरचे म्हनतात पाटावर चुडा फुटला तवापासून हे हात अपशकुनी हायेत, या हातानं लेकराले धरू नोको. मी तिची करंगयी धरली. मी इचारलं, करंगयीचं काय? ती म्हने, करंगयी चांगली हाये. मी म्हनलं, बाप्पा पोरी, हा अपशकून नाइ, हे माहंच दुखनं हाये, हात फुगले त आतली नस दबली, माह्यासारखंच हजार बायायले हाये.

साबन लावून, थंड्या पान्यात हात बुडवून मी तिच्या बांगड्या उतरवत होती त आत्या आली. तिनं पाह्यलं, बायंतपनाले आलेली पोरगी अन् मी तिचे हात उघडे करून राह्यली! तिनं जे तोंड सोडलं ते मी लिवू देनार नाइ. मी म्हनलं, आत्याबाई, मले मारा, पन ऐका. एकएक बांगडी ठिवतो हातात, सैल, सवाशीनीचा हात उघडा राहनार नाइ, अन् रातीले या कमट्या बांधा. आत्यानं कमट्या चुलीत घातल्या. पन गंगू माहं आयकून होती. तिनं मायले सांगून दुसऱ्या करवल्या, अन् पांघरुनाच्या आत बांधून झोपली. तिले झोप लागली. पुढं लेकरू झालं, पोरगा, अन् महिना सरता सरता हातायची आगबी गेली, अंगावरची सूजबी गेली. तिनं लेकराले दोन्ही हातानं घेतलं.

अन् घरचे काय म्हनले असतीन? नवस पावला! आत्यानं देवीले पाटल्या वाहल्या. मनियारनीचा हात अवगुनी तो अवगुनीच. मी हनीफाच्या अब्बांले म्हनलं, पाहा, दुखनं आलं त माह्यामुये, गेलं त देवीमुये. थे म्हने, पोरगी त वाचली ना, अव. मी म्हनलं, ते खरं.

त्याच्यानंतर कापसाचा भाव पडला. ती तिकडची लढाई सरली म्हने. कशी सरली, कोन जितलं, आमाले ठावं नाइ, पन इथी गाड्या परत जाऊ लागल्या, अन् बाया पुन्हा दिवायीच्या दिवायी हात भराले लागल्या. घट्ट बांगडीची हवा गेली. आमच्या घरी दुरडी झाकून ठिवलेली. तट्टू विकलं. अन् माहा हात, तो काय झाला म्हनता? बरा झाला! काम गेलं अन् हात बरा झाला! दिवसा मुंग्या नाइ, राती आग नाइ. डाक्तरनं म्हनलं होतं, आराम दे. देल्ला आराम, पोटाले चिमटा काढून देल्ला. मी हनीफाच्या अब्बांपुढं हात धरून म्हनलं, हे पाहा, आता भरतो बांगड्या, आना बाया. थे हसले, पन मले हसू आलं नाइ.

पुरता बरा नाइ हो. हे पाहा, अंगठ्याखालचा हा खड्डा. हे गेलेलं मास परत आलं नाइ. गरम ठंडं समजते, सुई टोचली त समजते, पन ते जे बारीक समजत होतं, काच किती सोसन ते, ते गेलं. आता आमी अकोल्यात, टेसनाकडच्या रस्त्याले बसतो. हनीफाचं लगन झालं, जावई घरीच राहते, बांगड्या हनीफाच भरते, अन् तिचा हात, अल्ला कसम, माह्या मायसारखा हाये. मी मापं काढतो. गिऱ्हाईक बाईचा हात धरून इचारतो, रातीले मुंग्या येतात का वो? बाया हसतात. म्हनतात, म्हातारीले खूय लागलं. एखादी हसत नाइ. तिले मी बाजूले घेऊन कमट्या कशा बांधाच्या ते दाखवतो.

परवा सकायी हनीफा चुलीपुढं बसली होती, भाकर थापता थापता थांबली अन् उजवा हात झटकला. एकदा, मंग पुन्हा. मी पाह्यलं. तिनंबी पाह्यलं का मी पाह्यलं. मी म्हनलं, हनीफा. ती म्हने, काही नाइ अम्मी, पीठ लागलं होतं. मी म्हनलं, खोटं नोको बोलू. त तिनं खाली मान घालून थापलेली भाकर तव्यावर टाकली अन् म्हने, लगनसराई तोंडावर हाये, अम्मी, सरली का पाहू.

काय करू सांगा, मास्तर? धंदा सोड म्हनू? मंग खाईन काय? मी बी हेच म्हनलं होतं त्या डाक्तरले. सांजच्याले मी कमट्या काढल्या, कापड गुंडायलं, अन् तिच्या जवय जाऊन बसली. पयले नाइ म्हने, मंग हात देल्ला. माह्या हातानं गाठ बसत नाइ, दातानं वढून बांधली. अल्ला तिच्या बोटायची समज राखो, तुमचा देवबी राखो, ज्याले जमन त्यानं राखावी. अन् कोनाले नाइच जमलं त मी हाये, रोज सांजच्याले बांधून देतो.